बेंझीनचा आकडा आणि नागपूरचा उन्हाळा : अधिशोषक नमुनापद्धतीची चिकित्सा

18 नोव्हेंबर 2009 च्या अधिसूचनेने परिसर हवेतील बेंझीनची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला वार्षिक सरासरी 5 मायक्रोग्रॅम अशी निश्चित केली. मापनासाठी स्वयंचलित विश्लेषकाबरोबरच अधिशोषणाची पद्धतही तीत मान्य आहे. अधिशोषक भरलेल्या नळीतून मोजक्या वेगाने हवा ओढावयाची, तीत अडकलेली संयुगे द्रावकाने अथवा उष्णतेने सोडवावयाची व गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजावयाची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. नळीत शिरलेले बेंझीन नळीतच राहते, हे तिचे मूळ गृहीत होय. नीरीसारखी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, त्या नागपुरातच हे गृहीत सर्वाधिक ताणले जाते.

अधिशोषण ही उष्णता बाहेर टाकणारी क्रिया असल्याने तापमान वाढले की पकड सैल होते. टेनॅक्सच्या बाबतीत ढोबळ नियम असा की, दर 10 अंश सेल्सिअस वाढीला नळीतून निर्धोकपणे नेता येणारे हवेचे आकारमान निम्मे होते. म्हणजे 20 अंशांना ठरविलेले आकारमान 40 अंशांना चौथ्या हिश्शावर येते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. गच्चीवर उन्हात ठेवलेली नळी त्याहूनही तापते. बेंझीन मागील टोकाने निसटते आणि आकडा कमी भरतो. उन्हाळ्यात हवेचा मिश्रणस्तर उंच जाऊन प्रदूषके खरोखरच विरळ होतात. त्यामुळे ही त्रुटी अपेक्षेशी नेमकी जुळते, आणि म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

कोळशाची पकड अधिक घट्ट असते. तिच्या नेहमीच्या नळीत 100 व 50 मिलिग्रॅमचे दोन कप्पे असतात. मागील कप्प्यात पुढील कप्प्याच्या दहा टक्क्यांहून अधिक संयुग आढळल्यास नमुना संशयास्पद ठरतो. परंतु येथे अडचण उलट दिशेची आहे. मिनिटाला 100 मिलिलिटर वेगाने 24 तासांत 144 लिटर हवा जाते. हवेत मर्यादेइतके बेंझीन असले तरी नळीत जमते अवघे 0.72 मायक्रोग्रॅम. ते सोडविण्यासाठी वापरावयाच्या कार्बन डायसल्फाइडमध्ये बेंझीनचा अंश बहुधा असतोच. कोऱ्या नळीचे मापन वजा केले नाही, तर बाटलीतले बेंझीन शहराच्या नावावर जमा होते.

वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा याप्रमाणे वर्षात किमान 104 मापने अपेक्षित आहेत. एखाद्या ऋतूतील मोजक्या नमुन्यांची 5 या आकड्याशी तुलना करून शहर सुरक्षित वा असुरक्षित ठरविणारा प्रबंध या अटीकडे सरळ दुर्लक्ष करतो. दशांश चिन्हापुढे दोन अंक लिहिल्याने ही उणीव भरून निघत नाही.

पडताळणी अवघड नाही. एकाच जागी दोन नळ्या शेजारी लावून तेवढ्याच वेळात एकीतून 1 व दुसरीतून 4 लिटर हवा ओढावी. घनमीटरमागे येणारे आकडे जुळले, तर नळी विश्वासपात्र. चार लिटरचा आकडा लक्षणीय कमी आला, तर बेंझीन निसटले आहे. ही चाचणी जानेवारीत नव्हे, मे महिन्यात दुपारी घ्यावी आणि नळीलगतचे तापमान निष्कर्षाच्या तक्त्यातच नोंदवावे.