तुर्की टोपी : एका चिन्हाचे अर्थांतर

शिरोभूषणावरून परकीयाची ओळख ठरविण्याची पद्धत मराठीस नवी नाही. 'आज्ञापत्रा'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज इत्यादी दर्यावर्दी व्यापाऱ्यांस 'टोपीकर' म्हटले आहे. या शब्दात कुतूहल अल्प, सावधगिरी अधिक. कारण टोपीखालचा माणूस किनाऱ्यावर प्रत्यक्ष उभा होता.

गोंडेदार लाल तुर्की टोपीचा अमेरिकेतील प्रवास याच्या नेमका उलट आहे. मोरोक्कोतील फेझ शहराचे नाव धारण करणारी ही टोपी दुसरा महमूद या सुलतानाने १८२९ मध्ये मुलकी अधिकाऱ्यांस लागू केली, तेव्हा ती सुधारणेचे चिन्ह होती. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा तीच जुनाटपणाचे चिन्ह ठरली. मध्यंतरी, १८७२ मध्ये, न्यूयॉर्क येथील काही फ्रीमेसनांनी 'श्राइनर' मंडळ स्थापून ती मौजेखातर डोक्यावर चढविली व पहिल्या शाखेस 'मक्का' हे नाव दिले. १९२२ पासून या मंडळाने मुलांसाठी रुग्णालये चालविली, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्या टोपीखाली तुर्क नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच मौज निर्वेध चालली.

सोंग हे मुळातच दोषास्पद, असा याचा अर्थ नव्हे. एकनाथांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त तुर्क स्वतः बोलतो, खोचक प्रश्न विचारतो, आणि शेवट समेटात होतो. वारूळवाडीस लागून असलेले नारायणगाव ज्या तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते, त्याच्या परंपरेत सगनभाऊ हा मुसलमान शाहीर अग्रभागी आहे. येथे परका केवळ सोंगाचा विषय नाही. तो कवनाचा कर्ताही आहे. सोंगाची कसोटी म्हणून हाच प्रश्न विचारला पाहिजे : ज्याचे सोंग आणले, त्यास उत्तर देण्याची मुभा आहे काय?

या कसोटीवर आपणही सर्वत्र उतरतो असे नाही. 'तरुण तुर्क' हा शब्दप्रयोग इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आला. १९०८ मध्ये उस्मानी साम्राज्यात राज्यघटना पुनःस्थापित करविणाऱ्या गटाचे ते नाव. पुढे काँग्रेसमधील मोहन धारिया प्रभृतींस ते लाभले, आणि मधुकर तोरडमलांच्या 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' या नाटकात ते महाविद्यालयीन विनोदात रमले. 'अर्क'शी यमक जुळताच तुर्कस्तान विस्मृतीत गेले.

शब्द इतिहास विसरतात, हा भाषेचा धर्म होय. अभ्यासकाने मात्र तो विसरून चालणार नाही.