रेडा कोणी ओढला?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात युवा महोत्सवाची तयारी चालू होती. लोकनृत्याला काय उतरवायचे यावर सांस्कृतिक समितीची बैठक बसली. पोतराज घ्यावा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचविले. रंग आहे, ताल आहे, चाबकाचा कडकडाट आहे; परीक्षक खूश होणार. वर ते मला उद्देशून म्हणाले, "हे तर तुमचेच आहे. अवैदिक, मातृदेवतेचे, बहुजनांचे. निदान तुम्ही तरी नाही म्हणू नये." समितीत मी सर्वांत कनिष्ठ. मी नाही म्हटले नाही. नाही म्हटले ते बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने. त्याच्या घरात पोतराजकी होती, तेव्हा चाबूक त्याला चांगला जमेल, असे आम्ही परस्पर गृहीत धरले होते. तो म्हणाला, "सर, आज्याच्या दंडावरचे वळ मी तेल लावून चोळलेत. नाचायचं आसंल तर दुसरं कायबी सांगा."

सहकाऱ्यांच्या तोंडी जे वाक्य होते ते आता आपल्याही व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागले आहे, म्हणून हा प्रसंग सांगतो. आपल्यात याबाबत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, मरीआई, म्हसोबा, पोतराज हे सारे अज्ञान. १९५६ साली ते नदीत सोडले, आता त्याचे नाव नको. दुसरा म्हणतो, ग्रामदेवता या आर्यपूर्व, मातृसत्ताक संस्कृतीच्या खुणा. ब्राह्मणी धर्माने त्या गिळल्या, त्या आपण परत घेतल्या पाहिजेत. दोघेही देवतेविषयी बोलतात. तिचे कूळ कोणते, ती आधीची की नंतरची, हा त्यांचा वाद. विधीविषयी कोणी बोलत नाही. आणि विधी म्हणजे तर आधी काम. कोणीतरी तो बसून ठरवतो, कोणीतरी तो राबून पार पाडतो.

दुसऱ्या तटाजवळ मोठी विद्वत्ता आहे, हे मान्यच केले पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची तिकाटणी, टेकाडे, खिंडी पायांनी तुडवीत शेंदूर फासलेल्या आयांचा माग काढीत हिंडले. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) हे त्या पायपिटीचे फळ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त (१९७८) आदिमातेचा शोध घेतला. शरद पाटलांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी'त (१९८२) निर्ऋतीपासून स्त्रीसत्तेची मांडणी केली. देवी पुराणांतून खाली उतरलेली नाही, ती मातीतून वर गेली आहे, हे या अभ्यासाने दाखविले आणि आपल्या हाती एक हत्यार दिले. पण देवी आपली ठरली म्हणून तिच्यापुढे आपल्याच अंगावर ओढलेला चाबूकही आपला ठरतो काय? त्याचे उत्तर या ग्रंथांत नाही. ते त्यांचे कामही नव्हते. ते काम आपले होते, आणि आपण ते टाळले.

गावकीचा विधी कसा ठरत असे ते पाहू. मरीआई ही पटकीची देवी. साथ आली की तिचा गाडा काढायचा. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, लिंबू, नारळ, नैवेद्य. गाडा वाजतगाजत शिवेवर न्यायचा, पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा आणि परतायचे. रोग आपल्या गावातून गेला म्हणजे झाले. तो कुठे गेला हे विचारायचे नाही. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकलणार. आणि हा गाडा ओढणार कोण? ज्याला गावच्या विहिरीचे पाणी बंद, ओढ्याचे गढूळ पाणीच ज्याच्या नशिबी, म्हणजे पटकी ज्याच्या दारी आधी येणार, तोच. पटकी पाण्यातून येते. तिचा उतारा गाड्यात नव्हताच. तो पाण्याच्या हक्कात होता आणि त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जावे लागले.

रेड्याचेही तेच. जत्रेच्या वा दसऱ्याच्या आधी चावडीवर बैठक होई. दिवस जोशाने सांगायचा. खर्चाची मांडणी कुळकर्ण्याने करायची. रेड्यावर पहिला घाव घालण्याचा मान पाटलाचा. तो घाव म्हणजे तलवार टेकवण्यापुरताच. पुढचे रक्तामांसाचे सारे महारामांगांकडे. रेडा गावच्या शिवेवरून ओढत फिरवायचा तोही महारांनीच. गावागणिक तपशील बदलतो, वाटणी बदलत नाही. ठरवणारे हात वेगळे, ओढणारे हात वेगळे, आणि दोघांच्या मध्ये जात. या ओढण्यालाही 'मान' हाच शब्द होता, हे विशेष. बिगारीला मान म्हटले की मजुरी द्यावी लागत नाही. उलट, रेड्याचा दोर कोणत्या घराने धरायचा यावरून आपल्याच भाऊबंदांत डोकी फुटत. तीही गावाच्या सोयीचीच.

पाश्चात्त्य जगात अशा जुन्या ग्रामधर्मांना 'पेगन' म्हणतात. शब्द लॅटिन आहे. त्याच्या मुळाशी गावचा मुलूख दाखवणारा शब्द आहे आणि त्याचा अर्थ खेडूत, गावंढळ. आमच्या सहकाऱ्यांनी हा शब्द वापरला असता तर मी म्हटले असते, पेगन म्हणजे गावचा. आम्ही तर गावकुसाबाहेरचे. ज्या शिवेने आम्हांला बाहेर ठेवले, तीच शीव राखण्यासाठी रेडा ओढायचा आमच्याच हातांनी! मग या धर्माचे वारस आम्ही की त्याचे वेठबिगार? गावाची भक्ती करणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत जे सुनावले, ते लोकसंस्कृतीच्या नव्या भक्तांनाही लागू आहे.

मग आपल्या वाङ्मयात हे कुठे आले? महारकीच्या कामांचा हिशेब दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आहे. पण विधीच्या आत शिरून तो पार पाडणाऱ्या माणसांच्या बाजूने लिहिले ते बेबी कांबळे यांनी, 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकात. या पुस्तकाचे कौतुक खूप झाले, पण बहुधा 'स्त्रीच्या दुहेरी शोषणाचा दस्तऐवज' असा शिक्का मारून. मला ते विधीचे पुस्तक वाटते. आषाढातली महारवाड्यातील धांदल, थोरला मुलगा देवीला पोतराज म्हणून सोडणे, जत्रेचा रेडा, बायांच्या अंगात येणे, हे सारे त्यात कामाच्या क्रमाने येते. घर कोण सारवते, पाणी कोठून येते, नैवेद्य कोणत्या दाण्यांचा, हे लेखिकेच्या नजरेतून सुटत नाही. विधी बाहेरून पाहणाऱ्याला देवी दिसते. आतून पाहणाऱ्या बाईला आधी चूल दिसते.

एक दोषही सांगितला पाहिजे. लेखिका पुन्हापुन्हा थांबून आपल्याच माणसांना अज्ञानी म्हणते, आणि त्या वेळी तिचे गद्य सभेतल्या भाषणासारखे होते. पण वर्णनाला लागली की तिचीच लेखणी तिचे ऐकत नाही. आषाढातली न्हाणीधुणी, बरे पोटभर अन्न, बायांचा घोळका, या साऱ्याला तिच्या वर्णनात एक लख्खपणा येतो. तिथे आनंद आहे. हा आनंद आपल्या समीक्षेने पाहिलाच नाही, कारण पाहिला असता तर अडचण झाली असती. गुलामगिरीच्या विधीत आनंद कसा? तर वर्षाकाठी चार दिवस ती माणसे अंग धुऊन, पोट भरून, एकमेकांच्या शेजारी बसत, म्हणून. विधी गावाचा होता, पण ते शेजारी बसणे त्यांचे स्वतःचे होते. 'अज्ञान' हा शब्द वापरून पहिला तट ते झाकतो आणि 'वारसा' हा शब्द वापरून दुसरा तट ते लुटतो.

अंगात येण्याचेही तसेच. माझ्या आजीच्या अंगात मंगळवारी मरीआई येई. एरवी सासूपुढे मान वर न करणारी ही सून त्या घटकाभर सासूला अरेतुरे करी आणि सासू तिच्या पाया पडे. धर्मांतरानंतर आजोबांनी देवघरातले टाक ओढ्यात सोडले. आजीने ते स्वतःच्या हाताने पुसून त्यांच्या ओंजळीत दिले होते. तिला त्याचे दुःख नव्हते. पण पुष्कळ वर्षांनी एकदा ती मला म्हणाली, "देवी गेली त्येचं काय न्हाय रं. पन मंगळवारी मला कुनीतरी इचारायचं. त्ये बी गेलं."

हे वाक्य मी कितीतरी दिवस कोणाला सांगितले नाही. चळवळीच्या माणसाने सांगू नये असे वाटे. आता सांगतो, कारण आपल्या नव्या विधींनी उत्तर द्यायचे आहे ते याच वाक्याला.

अमेरिकेतील स्टारहॉक या स्त्रीवादी लेखिकेचे 'द स्पायरल डान्स' (१९७९) हे पुस्तक या संदर्भात मी मुद्दाम वाचले. पेगन विधी आपण होऊन कसा रचावा, याचे ते जणू पाठ्यपुस्तक. रिंगण आखायचे, चार दिशांना आवाहन करायचे, देवीला बोलवायचे, सर्वांनी मिळून शक्ती जागवायची, ती जमिनीत परत सोडायची, एकत्र खायचे आणि रिंगण मोकळे करायचे. दिशा आणि देवी यांत मला रस नाही. मला धरून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. तिथे जे ठरवतात तेच करतात. भटाची जागा वाटून घेतलेली आहे. आपला धर्म पुरातन असल्याचा या मंडळींचा दावा पुढे इतिहासकारांनी तपासला. रोनाल्ड हटन यांनी 'द ट्रायम्फ ऑफ द मून'मध्ये (१९९९) दाखविले की आधुनिक विचक्राफ्ट ही प्राचीन परंपरा अखंड चालत आलेली नाही, ती अलीकडची घडण आहे. स्टारहॉकनेही पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत स्वतःच्या जुन्या मतांवर टिपणे जोडली. विधी नवा निघाला म्हणून तो खोटा ठरला नाही. मात्र एक फरक विसरून चालणार नाही: त्या रिंगणात यायचे की नाही हे तिथला माणूस स्वतः ठरवतो. आमच्या आज्यापणज्यांना शिवेवर यायचे की नाही हे कोणी विचारले नव्हते.

नवा विधी रचण्याची विद्या आपल्याला कॅलिफोर्नियाहून आणायची गरज नाही. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटाविना लग्न लावून दाखविले. १८८७ साली त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्मा'चे तत्त्वज्ञान पुरे होण्याची वाट न पाहता मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींची एक लहान पुस्तिका छापली. त्यांना ठाऊक होते की माणूस विचाराने भट सोडतो आणि लग्नाच्या दिवशी पुन्हा त्यालाच बोलावतो, कारण त्या दिवशी करायचे काय हे त्याला माहीत नसते. त्या पुस्तिकेतल्या मंगलाष्टकांत नवरी स्वतः बोलते. ती स्त्रियांच्या हक्कांविषयी नवऱ्याकडून कबुली मागते. देवी अंगात न येता मागते! आजीला मंगळवारी जे मिळे ते इथे शुद्धीवर असलेल्या बाईला मिळते आहे. आपल्या समीक्षेने जोतीरावांचे अखंड अभ्यासले, आसूड अभ्यासला; ही पुस्तिका मात्र कर्मकांड म्हणून बाजूला ठेवली. माझ्या मते ही मोठी चूक झाली.

बाबासाहेबांनीही १९५६ साली तोच मार्ग धरला. 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिका त्याच वर्षीची. १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लगेच वळून लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली, वर बावीस प्रतिज्ञा दिल्या. विधीचा आराखडा त्यांचा, प्रतिज्ञांचे शब्द त्यांचे, आणि ते शब्द उच्चारणारे तोंड प्रत्येकाचे स्वतःचे. दोर दुसऱ्याच्या हाती नाही. त्या प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची नावे आहेत. मरीआई, म्हसोबा यांची नावे नाहीत. ते 'इत्यादी'त गेले. पहिल्या तटाने हे 'इत्यादी' वाचले आणि पुस्तक मिटले. पण आपल्या घरांतून जे खरोखर बाहेर काढायचे होते ते बहुतेक या 'इत्यादी'तलेच होते, आणि त्याबरोबर काय काय बाहेर गेले याची मोजदाद कोणीतरी करायला हवी होती.

आजच्या आपल्या विधींकडे पाहिले की मला थोडी भीती वाटते. जयंतीची समिती बसते तेव्हा तीत किती बाया असतात? वर्गणी, ध्वनिक्षेपक, मिरवणुकीचा रस्ता हे पुरुषांनी ठरवायचे आणि खीर बायांनी ढवळायची. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी प्रतिज्ञा म्हणते खरी, पण बोधाचार्यांच्या मागोमाग, इतक्या हळू की पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही, आणि मंडपातला माणूस जेवणाच्या पंगतीकडे पाहत असतो. चावडी गेली, तिथली वाटणी कुठेतरी शिल्लक आहे. मी माझ्या बहिणीच्या लग्नात ध्वनिक्षेपक तिच्या हाती द्यायला सांगितला, तर आमच्याच वस्तीतले एक वडीलधारे म्हणाले, "बाबासाहेबांनी असं कुठं सांगितलंय?"

त्या वर्षी आमचे महाविद्यालय लोकनृत्याला उतरले नाही. ज्येष्ठ सहकारी अजून माझ्याशी कामापुरतेच बोलतात. त्या मुलाला मीच फूस लावली असा त्यांचा समज आहे, आणि तो खरा असता तर मला बरे वाटले असते. मुलगा आता एम. ए. करतो आहे. आज्याचा चाबूक घरी आहे का, असे मी त्याला मागे एकदा विचारले. आहे म्हणाला. आजी गोठ्यात खुंटीला बांधून ठेवते, तिच्यावर कासरे वाळत घालते.