गल्लीतला सिद्दी आणि पडद्यावरचा सिद्दी

मागच्या उन्हाळ्यात लातूरला बहिणीकडे राहिले होते. संध्याकाळी गल्लीत पोरांचा एकच खेळ, पावनखिंड. बाजीप्रभू व्हायला पाच जण तयार, मावळे व्हायला सगळे तयार. सिद्दी जौहर मात्र रोज एकच पोरगा. चौथ्या दिवशी मी भाच्याला विचारलं, "रोज त्यालाच का रे?" त्याने अगदी सहज सांगितलं, "मावशी, त्यो काळा हाय की. म्हणून त्यालाच सिद्दी केलाव."

मला राग आला, पण भाच्याचा नाही. शाळेत मलाही 'हबशीण' म्हणायचे आणि वर्गातली मोठी माणसंसुद्धा त्यावर हसायची. हबशी म्हणजे नेमकं कोण, हे तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. आता मी जनुकशास्त्रात पीएचडी करते, तेव्हा या ब्लॉगवर नेहमी संशोधनाबद्दल लिहिते तसंच आज सिनेमाबद्दल लिहून बघते.

नमुना चुकला की निष्कर्ष चुकतो

आमच्याकडे पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात बसवतात. नमुने एकाच ठिकाणाहून गोळा केले, तर मोजमाप कितीही काटेकोर असू दे, निष्कर्ष वाकडाच निघणार. आपल्या ऐतिहासिक सिनेमांत सिद्दी कुठे भेटतो? पन्हाळ्याच्या वेढ्यात, नाहीतर जंजिऱ्यावर. म्हणजे फक्त शत्रू म्हणून. 2022 चा 'पावनखिंड' मी थिएटरात पाहिला आणि शेवटी माझ्याही घशात आवंढा आला. बाजीप्रभूंची गोष्ट सांगताना जौहर खलनायक असणारच, त्यात सिनेमाची चूक नाही. चूक आहे ती बाकीचे सिनेमे नसण्यात.

कारण त्याच पन्हाळ्याभोवती 1660 मध्ये सिद्दी दोन्ही बाजूंनी लढत होते. जौहरचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जे गेले, त्यांत सिद्दी हिलाल होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. बापलेक स्वराज्याच्या बाजूने लढले. पण सिद्दी म्हटलं की आपल्याला जौहर आठवतो, हिलाल नाही.

आणि मलिक अंबर? साधारण 1548 मध्ये इथिओपियात जन्मलेलं पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं, बाजार बदलत बदलत दख्खनला आलं. ज्या चंगेजखानाने त्याला घेतलं, तो निजामशाहीचा पेशवा स्वतःही हबशीच. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर अंबरने निजामशाही पुढची पंचवीसेक वर्षं धरून ठेवली, 1610 मध्ये खडकी वसवली, तिथे नहर काढून पाणी आणलं. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. 'शिवभारता'त या लढाईचं वर्णन आहे आणि त्यात अंबर पराक्रमी वीर म्हणूनच येतो. म्हणजे महाराजांच्या पदरच्या कवीला जी अडचण वाटली नाही, ती आपल्या निर्मात्यांना वाटते. अंबरवर एक मोठा मराठी सिनेमा नाही. मराठवाड्याच्या सगळ्यात मोठ्या शहराचा संस्थापक, आणि नाही.

रंगवलेलं तोंड

हिंदीत एक मोठा प्रयत्न झाला होता, कमाल अमरोहींचा 'रझिया सुलतान', 1983. त्यात याकूत हा हबशी गुलाम नायक आहे, ही मोठीच गोष्ट. पण भूमिका धर्मेंद्रची, आणि चेहऱ्याला काळा रंग. मी तो सिनेमा पाहताना गोष्टीपेक्षा रंगाकडेच बघत राहिले. गुलामाचं दुःख सांगायचं म्हणता, पण काळा माणूस पडद्यावर येऊ देत नाही. मग प्रेक्षक दुःख बघत नाही, मेकअप बघतो.

अमेरिकेत हे आधीच होऊन गेलंय. 1915 च्या 'बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये गोऱ्या नटांनी तोंडं काळी करून काळ्यांना हिंस्र दाखवलं, आणि मेलेली कू क्लक्स क्लॅन त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. सिनेमाने काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

सिनेमा नव्हता तेव्हाही हे चालायचंच. जहांगीरने एक चित्र काढून घेतलं. तो पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर लावलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही, 1626 मध्ये म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला. रणांगणावर जे जमलं नाही, ते चित्रात करून घेतलं.

थोडं विज्ञान

'हबशी' हा एकच शब्द आपण सगळ्यांना लावतो. 2011 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या गटाने गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं मूळ प्रामुख्याने बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समाजांत निघालं, आणि त्यात भारतीय वंशाची भर साधारण दोनशे वर्षांपूर्वीपासूनची. म्हणजे इथिओपियातून आलेला अंबर वेगळा आणि हे वेगळे. सारखी आहे ती आपली नजर. आणि रंगाचं म्हणाल तर एसएलसी24ए5 नावाच्या जनुकात एक अक्षर बदललं तरी त्वचेच्या रंगात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. शौर्य, निष्ठा, कपट, यातलं काहीही त्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

गुलामी म्हणजे दुसऱ्यांची?

इथे दुसरा प्रश्न येतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तिकडची गुलामी आणि इकडची जात त्यांनी एका ओळीत मांडली. दीडशे वर्षांनी, 2025 मध्ये, 'फुले' हा हिंदी सिनेमा आला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले. जातींची नावं आणि 'पेशवाई' हे शब्द काढायचे आणि 'तीन हजार साल पुरानी गुलामी' ऐवजी 'कई साल पुरानी' म्हणायचं. प्रदर्शनही 11 एप्रिलवरून 25 एप्रिलवर गेलं.

सिनेमा म्हणून 'फुले' मला सपाट वाटला, माणसं बोलण्याऐवजी भाषणं करतात. पण त्या कात्रीने जे दाखवलं ते सिनेमापेक्षा बोलकं होतं. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' पाहून आपण हळहळतो. झाडाला लटकवलेला सॉलोमन पायाच्या बोटांवर तोल सांभाळतोय आणि मागे मुलं खेळतायत, हे दृश्य आपल्याला हलवतं. पण तोच शब्द आपल्या घरावर आला की आकडा पुसायचा.

हे नीट जमलं ते 'फॅन्ड्री'त. डुक्कर पकडता पकडता शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि जब्याचं घर आहे तिथे ताठ उभं राहतं. पुढे ते मेलेलं डुक्कर आंबेडकर-फुल्यांची चित्रं काढलेल्या भिंतीसमोरून नेतात. नागराज मंजुळे एक शब्दही समजावून सांगत नाहीत. राष्ट्र, इतिहास, जात, सगळं एका फ्रेममध्ये. आणि रंगवलेलं तोंड एकही नाही. असंच धाडस 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवलेल्या जयन चेरियन यांच्या 'रिदम ऑफ दम्माम'ने केलं, कर्नाटकातल्या सिद्दींची गोष्ट खुद्द सिद्दींना घेऊन. म्हणजे जमतं. करायचं असलं तर जमतं.

जाता जाता. सुट्टी संपायच्या आधी मी त्या सगळ्या पोरांना उदगीरचा किल्ला दाखवायला नेलं. सांगितलं की 1636 मध्ये मुघलांनी वेढा घातला तेव्हा इथला किल्लेदार सिद्दी मिफ्ताह होता, तो लढला आणि शेवटी किल्ला सोडावा लागला. बहुतेक पोरं भुयार कुठंय याच चौकशीत. रोज सिद्दी होणारा पोरगा मात्र माझ्याजवळ थांबला.

"ताई, याचा पिक्चर हाय का?"

नाही म्हणाले. तो "बरं" म्हणून भुयार शोधायला पळाला. मला मात्र अजून त्याला बरं उत्तर देता आलेलं नाही.