मुक्तांचे नगर आणि कादंबरीचा न्याय : ‘द लास्ट हरमॅटन ऑफ अलुसिन डनबार’

प्रस्तावना :
सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन हे मुक्त गुलामांनी वसविलेले बंदर होय. तेथेच जन्मलेले कवी सिल चेनी-कोकर यांनी या स्थापनेला ‘द लास्ट हरमॅटन ऑफ अलुसिन डनबार’ (१९९०) या इंग्रजी कादंबरीत ‘मलागेटा’ या कल्पित नगराचे रूप दिले. १९९१ मध्ये तिला राष्ट्रकुल लेखक पुरस्कार (आफ्रिका विभाग) मिळाला. जादुई वास्तववादाच्या अंगाने तिची चर्चा होते. परंतु ज्या इतिहासावर ती उभी आहे, त्याला ती कितपत न्याय देते हे तपासणे अगत्याचे ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१७८७ मध्ये लंडनहून आलेल्या सुमारे ४०० लोकांची, प्रामुख्याने निर्धन कृष्णवर्णीयांची, पहिली वसाहत टेम्ने लोकांच्या भूमीवर उभी राहिली. १७८९ मध्ये ती जाळली गेली. १७९२ मध्ये थॉमस पीटर्स यांच्या पुढाकारातून नोव्हा स्कोशियाहून सुमारे १,२०० माणसे आली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटनची बाजू घेऊन त्यांपैकी अनेकांनी मुक्ती मिळविली होती. जॉन क्लार्कसन यांनी जमिनीवर सारा नसेल असे आश्वासन दिले. सिएरा लिओन कंपनीने मात्र तो मागितला. त्यातून उद्भवलेला १८०० चा उठाव जमैकातील मरून लोकांच्या साहाय्याने मोडण्यात आला. मुक्तांविरुद्ध मुक्तच उभे केले गेले. १८०८ मध्ये ही वसाहत ब्रिटिश राजसत्तेकडे गेली.

कादंबरीचे स्वरूप :
कादंबरीचा आरंभ फसलेल्या बंडानंतर मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या जनरल तांबा मासिमियारा यांच्यापासून होतो. तेथून कथानक मागे वळते व सेबॅस्टियन आणि जेनेट क्रोमँटाइन या स्थापक दांपत्यापर्यंत पोहोचते. या रचनेचे मर्म असे की, वर्तमानातील भ्रष्ट सत्तेची मुळे स्थापनेच्या क्षणातच शोधली जातात. ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ (१९४८) मध्ये याच नगराची पार्श्वभूमी आहे. तेथे ते एका ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या नैतिक पेचाची रंगभूमी ठरते. चेनी-कोकर नगराला त्याची स्वतःची स्मृती परत देतात. हे या कादंबरीचे निर्विवाद यश होय.

मर्यादा :
तथापि अखेरीस जुलमी सत्तेचा निवाडा अलुसिन डनबार या द्रष्ट्याच्या अद्भुत पुनरागमनाने होतो. येथे जादुई वास्तववाद हे केवळ तंत्र राहत नाही. ती राजकीय भूमिका बनते. प्रत्यक्षात नोव्हा स्कोशियाहून आलेल्यांनी चमत्काराची वाट पाहिली नव्हती. पीटर्स अर्ज घेऊन लंडनला गेले. वसाहतीतील कुटुंबांनी आपले प्रतिनिधी निवडले. साऱ्याला नकार दिला गेला. त्यांचा पराभव झाला, पण कृती त्यांची स्वतःची होती. अद्भुताने दिलेला न्याय वाचकाला समाधान देतो, परंतु हे कर्तेपण झाकोळून टाकतो.

निष्कर्ष :
सारांश, ही कादंबरी वसाहतवादी दृष्टीने पुसलेली स्मृती समर्थपणे पुनर्स्थापित करते. मात्र त्या स्मृतीतील सर्वांत मौल्यवान भाग, म्हणजे सामान्य माणसांनी संघटितपणे मागितलेला हक्क, तिच्या शेवटात क्षीण होतो. मुक्ती ही मिळालेली वस्तू नसून सतत वठवून घ्यावयाचे वचन आहे, हा फ्रीटाउनच्या इतिहासाचा बोध कादंबरीच्या अद्भुतापेक्षा अधिक टिकाऊ आहे.