बाप्तिस्मा : स्नान की मरण?

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांविषयी आपल्याकडे जे समीक्षालेखन होते, त्यात ‘बाप्तिस्मा’ हा शब्द बहुधा ‘धर्मांतर’ या शब्दाचा पर्याय म्हणून वावरतो. नोंदीपुरते हे चालेल. अर्थनिर्णयाच्या दृष्टीने मात्र ही गल्लत मोठी आहे. धर्मांतर ही समाजाने पाहिलेली घटना होय. बाप्तिस्मा हा श्रद्धावंताने स्वीकारलेला संस्कार.

पाण्याचा संस्कार म्हटला की आपल्या मनापुढे प्रथम स्नान उभे राहते. मराठी कॅथलिक परंपरेत ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रूढ आहेच. स्नानाने मळ जातो, माणूस मात्र तोच राहतो. उलट ‘बाप्तिस्मा’ या मूळ ग्रीक शब्दात बुडण्याचा अर्थ आहे. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात पौल या बुडण्याला ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे व नव्या जीवनात चालणे असा अर्थ देतो. शुद्धीची कल्पना नव्या करारात नाही असे नव्हे. पण मरणाची कल्पना तिच्याहून खोल जाते.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. घरच्यांच्या लेखी तो जवळजवळ मृत्यूच होता. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे व आपली वेगळी चूल घेऊन. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. तथापि वाचकाच्या मनावर ठसतो तो हा विधी नव्हे. ठसते ते स्वयंपाकघर! जातिभेदाचा ताठा तेथे रोजच्या पाण्यात आणि भांड्यांत हळूहळू मरत जातो. पौलाला अभिप्रेत असलेले जुन्या माणसाचे मरण लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विधीच्या आधीच बरेचसे उरकले होते, असे म्हणणे प्राप्त आहे.

मग पाणी केवळ उपचार ठरते काय? प्रेषितांच्या कृत्यांच्या १० व्या अध्यायात कर्नेल्य व त्याच्या घरी जमलेली मंडळी यांना आत्म्याचे दान आधी मिळते. तरीही पेत्र पाणी अनावश्यक मानत नाही, उलट त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा करतो. आत घडलेले मरण मंडळीच्या साक्षीने मान्य व्हावे, एवढा अधिकार विधीकडे राहतो.

टिळकांनी हाच अधिकार १९१७ साली प्रश्नांकित केला. मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तशिष्य एका पंक्तीस बसविले. यात परकीय मिशनविषयीचा राष्ट्रीय असंतोष दाखविणे सोपे आहे, व तो होताही. परंतु ज्याने या संस्काराकरिता संसाराची ताटातूट सोसली, तो त्याला क्षुल्लक लेखील हे संभवत नाही. त्यांचा आक्षेप संस्कारावर नसून, त्याची कुंपणासारखी होणारी योजना त्यांना अमान्य होती, असे मला वाटते.

अर्थात अडचण उरतेच. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याच्या आंतरिक मरणाला साक्षी कोण? कर्नेल्याच्या घरी पेत्र होता. दरबारात त्याचे स्थान कोणाचे, हे स्पष्ट होण्यापूर्वीच, मे १९१९ मध्ये, टिळक निवर्तले.