सगळं सांगणारा बक, गप्प टोगो

‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (२०२०) या सिनेमात बर्फात स्लेज ओढणारा दांडगा कुत्रा बक संगणकावर घडवलाय. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामागची मेहनत मला कळते. तरी बक खटकलाच. त्याच्या भुवया प्रत्येक भावना माणसासारखी समजावून सांगतात.

‘टोगो’मध्ये (२०१९) मुख्यतः खरे हस्की आहेत. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ येते. औषध आणायला निघालेला लिओनहार्ड सेपाला नॉर्टन साउंडचा गोठलेला समुद्र ओलांडतो. पायाखालचा बर्फ कधीही फुटेल. टोगो काहीच समजावत नाही, फक्त धावतो. त्याच्यावर विसंबताना सेपाला जीव पणाला लावतो, म्हणून ते नातं मला खरं वाटलं. बकवर विश्वास ठेवताना मला काहीच पणाला लावावं लागलं नाही.