शेऱ्याचा रकाना

वयाच्या सोळाव्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात कामाला लागलो. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके हे हंगामी काम; बारमाही काम म्हणजे शाळा, ग्रामपंचायती आणि सोसायट्यांची रजिस्टरे. शाळेचे मुख्य रजिस्टर म्हणजे दाखलखारीज. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि सर्वांत शेवटी, पानाच्या कडेला उरेल तेवढ्या जागेत, शेरा. मालक कागदाची रुंदी पाहून तो रकाना आखायला सांगत. बहुधा पाऊण इंच उरे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, काही जुन्या नोंदी शोधताना, आमच्या गावच्या शाळेचे एक फाटके रजिस्टर माझ्या हाती आले. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचे नाव होते आणि त्यापुढे शेरा होता : ‘सतत गैरहजर. नाव कमी केले.’ तारीख जानेवारीतली. त्या जानेवारीत ती आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर होती. कोपीत तान्ह्या भावाला सांभाळत होती. मी आजीपाशी मागे राहिलो, म्हणून माझे नाव टिकले. शेरा लिहिणाऱ्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांनी खोटे काही लिहिलेले नाही. ती गैरहजर होतीच. ती कुठे हजर होती, हे लिहायला मात्र त्या पानावर रकाना नव्हता.

या लेखात मी अशा कागदांचे वाचन करणार आहे. कथा-कादंबरी वाचताना आपण विचारतो, की निवेदक कोण, तो कोणाला सांगतो आहे आणि काय गाळतो आहे. तेच प्रश्न सरकारी नोंदींना विचारावेत, इतकीच माझी पद्धत. ती मला कोणी शिकवलेली नाही, त्यामुळे तिच्यातले दोष माझे.

आज बीड किंवा जालन्याकडच्या एखाद्या ऊसतोड कुटुंबातले सहा-सात वर्षांचे मूल घ्या. जन्मापासून त्याच्याविषयी किती लिहिले जाते! अंगणवाडी सेविका त्याचे वजन आणि उंची नोंदवते. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर मोबाइलमधून. लसींच्या तारखा आरोग्य खात्याच्या माता-बाल संरक्षण कार्डावर. शाळेत नाव आले की ‘सरल’ आणि ‘यू-डायस’. धान्यासाठी रेशनकार्ड. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, लस आरोग्याची, पट शिक्षणाचा, धान्य पुरवठ्याचे. प्रत्येक वहीत एकच मूल निरनिराळ्या क्रमांकाने बसलेले. या सगळ्या मजकुरांचा वाचक कोण? बीटची पर्यवेक्षिका, केंद्रप्रमुख, तालुका, जिल्हा, मंत्रालय. म्हणजे मजकूर सतत वर जातो. शेजारच्या वहीला उद्देशून एकही ओळ नसते, आणि ज्या गावी ते मूल येत्या कार्तिकात जाणार आहे तिथल्या शिक्षकाला उद्देशून तर नाहीच.

याखेरीज एक वही आहे, जिचा उल्लेख अहवालांत क्वचित होतो. ती मुकादमाची. पावसाळ्यात उचल देताना तो लिहून घेतो : नवरा-बायको मिळून एक कोयता, किती रक्कम, कोणता कारखाना. तिच्यात मूल नाही. पण कुटुंब कुठल्या कारखान्याला आणि साधारण कधी जाणार, हे टोळी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी जिच्यात लिहिलेले असते, अशी ती एकमेव वही. जी माहिती शाळेला दिवाळीनंतर रिकामे बाक पाहून कळते, ती मुकादमाला श्रावणात ठाऊक असते. माहिती नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणापाशी आहे हे आपण विचारलेले नसते.

आता कायद्याचा मजकूर. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणे हे त्यातले एक. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे हे त्याच कलमातले दुसरे. वाचायला दोन्ही नेटकी आहेत. पण ‘राहणाऱ्या’ या शब्दावर थांबा. वर्षातले पाच-सहा महिने इथे आणि उरलेले तिथे असणारे मूल राहते कुठे? गाव म्हणते, ते गेले. कारखान्याकडचे गाव म्हणते, ते आमचे नव्हे. दोघेही कायद्याच्या अक्षराशी प्रामाणिक राहतात आणि मूल दोन्ही याद्यांच्या मधल्या जागेत उरते. कलम ५ अधिक समंजस आहे. दाखला ताबडतोब द्यावा, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये, आणि उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई व्हावी, असे ते सांगते. मात्र तेही शाळा ‘बदलणाऱ्या’ मुलाचा विचार करते. दरवर्षी जाऊन परत येणारे मूल त्या वाक्यरचनेत बसत नाही.

शासकीय परिपत्रकांत यावरचा उपाय एका शब्दात येतो : समन्वय. ‘सर्व विभागांनी समन्वय साधावा’ किंवा, जास्त करून, ‘समन्वय साधण्यात यावा’. भाषेच्या बाजूने पाहा. दुसऱ्या वाक्याला कर्ताच नाही. कोणी, कोणाशी, कोणत्या दिवशी, काय घेऊन? शाळेत व्याकरण शिकताना कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे मला कळले नव्हते. परिपत्रके छापताना कळले.

आपल्याकडे याहून वेगळे काही होऊन गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली पाड्यांवर जे केले ते आपण बालशिक्षणाचा प्रयोग म्हणून वाचतो. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मी आधी तसेच वाचले. दुसऱ्यांदा वाचताना दुसरेच दिसले. तिथे मुलाची अंघोळ, खाणे, औषध आणि अक्षर एकाच बाईच्या नजरेखाली होते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळ नांदत होत्या. गुरे राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली; मूल शाळेत येत नसेल तर शाळेने कुरणात जायचे. तिथे समन्वय हा शब्द लागलाच नाही, कारण मूल मुळात वाटून दिलेले नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. आपल्याकडे मेळघाटातले धारणी त्यात होते. ‘एकात्मिक’ हे नाव सार्थ होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व शिक्षण आणि आहार-आरोग्याचे शिक्षण, अशा सहा सेवा एका अंगणाशी आल्या. पण यातल्या लसीकरण, तपासणी आणि संदर्भ या तिन्ही आरोग्य खात्यामार्फत, म्हणजे त्या वेगळ्या वहीत. अंगण एक झाले, वह्या वेगळ्याच राहिल्या. आणि पिके-पाड्यांच्या प्रमाणात बसवलेल्या त्या अंगणाला, सहा महिने दुसऱ्याच्या बांधावर राहणाऱ्या वस्तीची कल्पनाच नव्हती.

वर जाणाऱ्या मजकुराचे काय होते, हे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ने दाखवले. अभय बंग आणि सहकारी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. मला त्या अहवालाचे मोठेपण आकड्यांइतकेच त्याच्या वाचकनिवडीत वाटते. तो मराठीत, लोकांना उद्देशून लिहिला गेला. ज्याला जाब द्यायचा त्याच्यासाठीच नोंद लिहिली, की लिहिणाऱ्याचा हात जपून चालतो. नवे पोर्टल आले तरी हा हात बदलत नाही, फक्त बोट पडद्यावर येते.

फिरत्या माणसांची माहिती आडवी, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊच शकत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ते करून दाखवले. १९११ नंतर तो देशभर लागू होण्याजोगा झाला. नोंदल्या गेलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, राहण्याची जागा बदलली किंवा बदलायचा विचार असला तरी कळवायचे. १९५२ मध्ये तो कायदा गेला. ज्या राज्यव्यवस्थेला भीतीपोटी एकेका माणसाचा मुक्काम ठाऊक ठेवता आला, तिला मायेपोटी एका पोरीची इयत्ता पुढच्या गावाला कळवता येत नाही, हे मला पटत नाही. याच इतिहासामुळे मी दुसरेही म्हणेन. सगळ्या वह्या एका आकड्याखाली गोळा कराव्यात, या आजच्या उत्साहाला मी बिचकतो. मुलाच्या आजाराची, आईवडिलांच्या कर्जाची, जातीची माहिती कोणी कोणाला किती द्यावी, याला हद्द हवी. शिक्षकाला मुलाचे गणित कुठवर आले ते हवे असते. बापाची उचल किती, हे नको.

इथे आपल्या समीक्षेविषयी एक तक्रार. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. आपण ते वेदनेचे, विद्रोहाचे पुस्तक म्हणून गौरवले, आणि ते आहेच. पण बिऱ्हाड हलले की शाळेचे काय होते, याची इतकी तपशीलवार नोंद त्या काळच्या कुठल्या सरकारी कागदात आहे? जे दाखल्यात मावले नाही ते आत्मकथनात आले. आपण त्याला अनुभव म्हटले, दस्तऐवज म्हणायचे राहून गेले.

एक कागद मात्र आडवा प्रवास करतो : शिक्षण हमी पत्रक. स्थलांतराला निघालेल्या मुलाला गावची शाळा ते देते. ते दाखवले की पोहोचल्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. मी पाहिलेल्या पत्रकांवर नाव, जन्मतारीख, इयत्ता, शिक्का, सही. मुलाला काय येते याविषयी काही नाही. ते आईच्या पिशवीत, आधार कार्डाबरोबर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जाते. टोळी कर्नाटकातल्या कारखान्याला गेली तर हा मराठी कागद कानडी शाळेत उघडायचा. मुले मागे ठेवता यावीत म्हणून गावात हंगामी वसतिगृहे निघाली, ती मला अधिक बरी वाटतात. पण तान्हे भावंड असलेली थोरली पोर मागे ठेवणे आईला परवडत नाही, हे मी घरातच पाहिले आहे.

गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेत बाईंनी मला असे एक पत्रक दाखवले. तिसरीतल्या मुलीचे, पट्टा पडल्यावर तिच्याबरोबर परत आलेले. मी चाळून खाली ठेवले, तर बाई म्हणाल्या, “दादा, पाठीमागं बघा की.” मागच्या कोऱ्या बाजूवर कोल्हापूरकडच्या कुणा शिक्षकाने निळ्या शाईत लिहिले होते : बेरीज पक्की. हातच्याची वजाबाकी चुकते. वाचन चांगले. फळ्यावरचे दिसत नाही, पुढे बसवावे. डोळे तपासून घ्यावेत. खाली सही होती, ती लागली नाही. ते लिहा असे त्यांना कोणत्याही परिपत्रकाने सांगितलेले नव्हते.

बाईंनी मुलीला पहिल्या रांगेत आणले होते. डोळ्यांचे मी विचारले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्या वर्षी ते जानेवारीत येऊन गेले होते. मुलगी तेव्हा फडावर होती आणि तपासणीच्या यादीत तिच्या नावापुढे गैरहजर असे लिहिले होते. यंदा पथक दसऱ्याच्या आत यावे, म्हणून बाईंनी तालुक्याला अर्ज दिला आहे. त्याची पोच त्यांनी त्या पत्रकालाच टाचून ठेवली आहे.